खिंडीपलीकडच्या गावातली पंगत

बारा एप्रिल १९७५, शनिवार, दुपारी अडीच. ठिकाण परभणी, आमच्या कचेरीमागच्या लिंबाखाली. रक्कम दोन हजार एकशे सत्तर रुपये, म्हणजे माणशी तीनशे दहाप्रमाणे सात जणांचे. हजर आठ: आमचे अव्वल कारकून, त्यांच्या हाताखालचे चौघे कारकून, शेजारच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर, कचेरीतला शिपाई आणि मी. शिपायाला पैसे भरायचे नव्हते. तो वाटेत आणि तिथं स्वयंपाक करणार, म्हणून त्याचा खर्च सातांनी वाटून घेतला होता.

जायचं होतं हिमालयात. मास्तर दोन वर्षांपूर्वी तिकडच्या एका लहानशा गावात आठवडाभर राहून आले होते. कुलूच्या वर मोठी खिंड लागते, ती ओलांडली की पलीकडं वीस-बावीस घरांचं गाव. तिथं जून महिन्यातही बर्फ असतो, कमरेला दोरी बांधून त्यावर चालता येतं, खडक चढता येतात, आणि हे सगळं फुकट असतं, असं ते सांगत. परभणीत एप्रिलमध्ये जो बर्फ मिळतो तो भुशात घालून पोत्यातून येतो आणि किलोवर विकत घ्यावा लागतो. फुकट या शब्दावर सगळ्यांची रजा नक्की झाली.

कचेरीत हिशेब माझ्याकडं असल्यामुळं सहलीची रोकडही माझ्याकडंच आली. तीनशे दहांपैकी साठ रुपये जेवणाचे होते. मी माझे पैसे काढायला लागलो तेव्हा अव्वल कारकून हात वर करून म्हणाले, "हिशेबनीस, तुम्ही अडीचशेच भरा."

"का साहेब?"

"जेवणाचं तुमचं तुम्ही बघा. साठ रुपये वाचले तुमचे. तुमच्या चवीचं तुम्हाला खाता येईल. तुमच्या सोयीसाठीच म्हणतोय मी."

आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कचेरीत मला तोंडावर कोणी काही बोलत नसे. फक्त चहा आला की माझी कपबशी कोणाच्या तरी चुकीनं वेगळी, खिडकीत ठेवलेली असायची. अकरा वर्षांच्या नोकरीत ही चूक एकदाही चुकली नव्हती.

मी म्हणालो, "साहेब, मला सूट नको. मी तीनशे दहाच भरणार आणि सगळ्यांबरोबर एकाच भांड्यातलं जेवणार."

"बघू की, तिकडं गेल्यावर."

"हां, तिकडं गेल्यावर," चौघे म्हणाले. या चौघांचं मत साहेबांच्या मताच्या मागून एका शब्दाच्या अंतरानं येत असे, म्हणून पुढं त्यांना मी वेगवेगळं मोजणार नाही.

मी तीनशे दहा रुपये मोजले. जास्त पैसे भरण्यासाठी भांडण्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

घरी बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"तीनशे धा? पोरीचं सालभराचं कपडालत्ता, वह्या-पुस्तकं निघाली असती त्यात."

"त्यात साठ जेवणाचे हायेत."

"आन् ते जेवू घालणार हायेत तुमाला, पंगतीत?"

"तेच बघायला जायलोय."

"मंग बर्फ बघायला जायलोय म्हणून गावभर कशाला सांगायलाव? पंगत बघायला जायलोय म्हणा की." मग तिनं विचारलं, "न्हाई घातलं तर?"

तिनं बरणीत ठेचा भरून दिला आणि झाकणावर फडकं बांधलं.

डोंगर चढायचा म्हणजे सराव हवा, असं मास्तरांचं म्हणणं. परभणीच्या आसपास चढण्यासारखं काही नाही. जमीन अशी की पेडगावच्या शेतात उभं राहिलं की चार मैलांवरचा बैल दिसतो. शेवटी मास्तरांनी वालूरकडची एक बारव शोधून काढली. मे महिन्यातल्या दोन रविवारी आम्ही एस.टी.नं तिकडं जाऊन त्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरलो आणि वर आलो. हिमालयाची तालीम विहिरीत करणारी आमची पहिलीच तुकडी असावी. पायऱ्या चौतीस होत्या. मी दहा वेळा केल्या, अव्वल कारकुनांनी तीन. चौघांनीही तीनच. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, काय पडलंय का आत?" माझ्या वडिलांना त्या पायऱ्यांवर पाय ठेवता आला नसता. मी तिथं दहा वेळा उतरत होतो, आणि पाणीही नेत नव्हतो, हे त्या म्हाताऱ्याला समजावून सांगणं अवघड होतं.

दोन जूनला निघालो. परभणीहून मनमाडपर्यंत छोट्या रुळाची गाडी, मनमाडला बदलून दिल्ली, तिथून पुढं गाडी आणि बस. अव्वल कारकुनांच्या घरून दशम्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी आणि चिवड्याचे दोन डबे आले होते. ताटल्या मी स्वतः परभणीच्या बाजारातून घेतल्या होत्या, आठ. पावती माझ्याकडं होती. तरी पहिल्या जेवणाला सात निघाल्या. माझ्या दशम्या वर्तमानपत्रावर आल्या. दुसऱ्या वेळी मी खिडकीशी बसलो होतो आणि तिथपर्यंत हात पोचत नव्हता. तिसऱ्या वेळी मी झोपलो असेन असं वाटलं. कुलूपर्यंत आमची नऊ जेवणं झाली आणि नऊ कारणं झाली. त्यातलं एकही पुन्हा आलं नाही, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे.

शिपाई राणीसावरगावकडचा, घरी थोडी शेती असलेला, तिशीतला माणूस. दिल्लीला नळावर ताटल्या घासताना तो मला हळूच म्हणाला, "भाऊ, आठवी ताटली साहेबांच्या वळकटीत हाय. मला काढू नको म्हणलंय. माझ्यावर राग धरू नका."

"तुझ्यावर नाही धरत."

"साहेबांवर बी धरू नका. मोप पाप लागंल त्यांचं त्यांना."

खिंड ओलांडून बस खाली उतरली आणि एका वळणावर आम्हाला सोडून गेली. तिथून गाव दोन तासांच्या चढावर होतं. सामान उचलायला एक हमाल मिळाला. रोजी आठ रुपये ठरली. चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस होता. त्यानं आमच्या वळकट्या, स्टोव्ह, डबे आणि खालच्या बाजारात घेतलेलं रॉकेल एकट्यानं पाठीवर घेतलं. आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्या मागून धापा टाकत गेलो. वाटेत साहेब अकरा वेळा बसले. बारवेचा अनुभव उलट्या क्रमाचा असतो हे तेव्हा ध्यानात आलं. तिथं आधी उतार असतो.

गाव दिसलं आणि साहेब म्हणाले, "हे तर आपलं पेडगावच की हो. फक्त थंड." घरं खरंच आमच्याकडच्या माळवदांसारखी होती, दगडमातीची, वर सपाट. फरक इतकाच की माळवदावर मिरच्यांऐवजी जळण रचलेलं होतं, काठ्यांना रंगीत कापडं बांधलेली होती, आणि मागं पांढरा डोंगर उभा होता. मी किती तरी वेळ तो बघत राहिलो. त्याची किंमत काढता येत नव्हती.

मास्तरांच्या ओळखीच्या एका आजींच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. शिपायानं लगेच स्टोव्ह पेटवून तुरीची डाळ चढवली. पाणी झटक्यात उकळलं. सगळे खूश झाले. तासाभरानं डाळ बघितली तर दाणा न् दाणा वेगळा. दोन तासांनी तशीच. तिसऱ्या तासाला रॉकेल संपलं. तेव्हा मास्तरांना आठवलं की इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं, पण डाळ शिजत नाही.

"मागल्या वेळी तुम्ही काय खाल्लं होतं मास्तर?" साहेबांनी विचारलं.

"आजींच्या घरचं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही डाळ घेताना मला विचारलं नाही."

साहेब आजींच्या चुलीशी गेले. आत जाण्यापूर्वी त्यांनी दारातच आपल्या परभणीच्या हिंदीत चौकशी केली, "तुम कौन लोगां हैं?" आजींना तुटकं हिंदी येत होतं. त्यांनी भिंतीतल्या कोनाड्याकडं बोट केलं. तिथं बुद्धाची मूर्ती होती आणि पुढं सात वाट्या पाणी. "बौद्ध," त्या म्हणाल्या. "पूरा गाँव."

साहेब दोन पावलं मागं आले. पंधराशे मैल प्रवास करून, खिंड ओलांडून ते जिथं पोचले होते ती त्यांच्या मते परभणीच्या वेशीबाहेरचीच वस्ती होती. सगळं गावच तसलं. पर्यायी घर नव्हतंच. त्या संध्याकाळी साहेबांनी आणि चौघांनी चिवडा आणि कच्ची डाळ खाल्ली. मास्तरही त्यांच्यात बसले. शेजारधर्म म्हणून, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी आत गेलो. मूर्तीपुढं बसून त्रिसरण म्हटलं. आजींनी त्यातला एकच शब्द ओळखला आणि माझे दोन्ही हात धरले. मला भरून आलं, हे लिहायला हरकत नाही. पण पुढचा अर्धा तास अवघड गेला. आजी हातातलं प्रार्थनेचं चक्र फिरवत बसल्या होत्या, कोनाड्यात भयंकर चेहऱ्यांच्या आणखी चार मूर्ती होत्या, आणि त्यांनी मला जवाची दारू पुढं केली. आमच्याकडं असलं सगळं सोडून देऊनच बौद्ध व्हावं लागलं होतं. मी दारूला नको म्हटलं तेव्हा आजींना वाटलं की हा नवीन आहे, शिकेल हळूहळू. मग त्यांनी कणकेचे तुकडे घातलेली गरम पेज दिली. मी तीन वाट्या प्यालो. भिंतीपलीकडून चौघांच्या दातांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आम्हाला गावाशेजारच्या खडकांवर चढवलं. खडक पुरुषभर उंच होता. साहेब त्याला हात लावून आले. चिवडा दुपारीच संपला. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि कचेरीत फाइल निकालात काढतात तशा आवाजात निर्णय दिला.

"मी विचार केला. हे लोक अडीच हजार वर्षांपासूनचे आहेत. मूळचे. जुने. यांच्याकडं जेवायला हरकत नसावी."

"हरकत नसावी," चौघे म्हणाले.

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुमचं प्रकरण छप्पन सालचं, हिशेबनीस. एकोणीस वर्षं म्हणजे काय?"

"मग किती वर्षं पूर्ण झाली की चालेल?"

"तशी मुदत काही ठरलेली नाही," साहेब म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

आजींच्या घरात जेवायला बसायची एक रीत होती. चुलीपासून दारापर्यंत भिंतीला लागून एकच रांग. ज्याचा मान मोठा तो चुलीजवळ, पुढं उतरत्या क्रमानं. वाढायला सुरुवातही चुलीकडून, एकाच भांड्यातून. साहेब सवयीनं चुलीकडं निघाले होते. आजींनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला तिथं बसवलं. माझ्यानंतर मास्तर, मग साहेब, मग चौघे, मग शिपाई. पहिली पळी माझ्या वाटीत पडली आणि तेच भांडं साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी वाटी पुढं केली. भूक बोलू देत नव्हती. पाठीला चुलीची ऊब लागत होती आणि मनात मी बायकोला सांगायची वाक्यं जुळवत होतो.

रांगेच्या टोकाला, शिपायापासून चांगलं हातभर अंतर सोडून, दारातल्या वाऱ्यात आमचा हमाल बसला होता. उरलेलं त्याला मिळालं. मी मास्तरांना विचारलं, त्यांनी आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, तो लोहार आहे. लोहार तिथंच बसतात.

"बघा!" साहेब एकदम ताजेतवाने झाले. "इथंसुद्धा आहे. म्हणजे यात काही तरी तथ्य असणारच."

मी त्या संध्याकाळी उठलो नाही. हे लिहिलंच पाहिजे. जागा उबेची होती आणि मिळायला फार वर्षं लागली होती.

तिसऱ्या दिवशी बर्फावर गेलो. हमालानं सगळ्यांच्या कमरेला एकच लांब दोरी बांधली. साहेब म्हणाले, "मास्तर, मला चौघांच्या मध्ये घाला." पण हमालानं क्रम वजनावर लावला. साहेब मनमाडच्या फलाटावरच्या काट्यावर ब्याऐंशी किलो भरले होते. तो त्यांना स्वतःच्या मागं घेऊन त्यांच्यामागं मला बांधून मोकळा झाला. साहेब दोरीकडं बघत राहिले.

शिपाई मागून म्हणाला, "चला साहेब, दोरी सुताची हाय. तिला कुठं काय कळायलंय?"

शेवटच्या उतारावर साहेबांचा पाय सरकला. ते बसल्या बसल्या खाली निघाले, पुढं हमाल आडवा झाला, मागं मी टाचा रोवून बसलो, आणि मध्ये साहेब गाठोड्यासारखे लटकून थांबले. खाली फार मोठी दरी नव्हती, पण साहेबांना ती होती. हमालानं त्यांना कॉलरला धरून वर ओढलं, खडकावर बसवलं, कोटाच्या आतून स्वतःची लाकडी वाटी काढली, तिच्यात चहा ओतून सातूचं पीठ कालवलं आणि त्यांच्या ओठाला लावली. साहेबांनी ती वाटी प्याली. आणखी मागितली. दोन वाट्या झाल्या. मी मोजल्या.

संध्याकाळी घरात शिरताना दाराशी हमाल पाय लांब करून बसला होता. साहेबांनी धोतर आवरलं, अंग चोरलं आणि ते त्याला ओलांडून आत आले. अंग चोरण्याची ती रीत मी अकरा वर्षं समोरून बघितली होती. पहिल्यांदाच ती बाजूनं दिसली.

मी चुलीजवळून उठलो आणि दाराशी जाऊन हमालाला खेटून बसलो.

हमाल घाबरला. तो हातभर बाहेर सरकला. मी सरकलो. तो आणखी सरकला. असं करत आम्ही दोघं उंबऱ्यावर आलो, आणि पुढं फक्त अंगण आणि थंडी राहिली. तेव्हा तो हसला. मीही हसलो. त्याला आता जायला जागा नव्हती.

आजींना ते आवडलं नाही. त्या मास्तरांना भराभर काही बोलल्या. मास्तर म्हणाले, "त्या म्हणतात, पाहुण्यानं असं केलं तर घराची रीत मोडते. वर बसा."

"त्यांना सांगा, यालाही वर घेतलं तर बसतो."

मास्तरांनी सांगितलं की नाही कोण जाणे. आजी चुलीकडं वळल्या. साहेबांनी चुलीजवळची रिकामी जागा बघितली, मास्तरांकडं बघितलं, आणि मास्तर विचार करत असतानाच तिथं सरकून बसले. "वाया कशाला घालवायची," ते म्हणाले. चौघे एकेक जागा वर सरकले.

शिपाई मात्र उलट दिशेनं आला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला टेकला. "मला बी हितंच बरं वाटायलंय. वर लय धूर हाय."

आजींनी रीतीप्रमाणं चुलीकडून वाढायला सुरुवात केली. वरच्यांना पातळ आलं. भांडं आमच्यापर्यंत आलं तेव्हा तळाशी बसलेले कणकेचे तुकडे आणि बटाटे उरले होते. हमाल आपली वाटी पुढं करायला तयार नव्हता. मी माझी मागं घेतली. आजी पळी धरून उभ्या राहिल्या. त्यांचा हात भरून आला असावा, कारण अखेर त्यांनी आधी त्याच्या वाटीत घातलं, मग माझ्या, मग शिपायाच्या.

"तळाचं दाट, भाऊ," शिपाई वाटीत बघत म्हणाला. "साहेबांना सांगू नका, न्हाई तर उद्या दाराशी गर्दी हुईल."

सकाळी निघताना हिशेब झाला. जेवणाचा दर माणशी दोन रुपये. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, तिसऱ्या दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ, आठ जणांचे अठ्ठेचाळीस. आजींनी बोटांवर मोजून बावन्न मागितले. दोन रुपये पहिल्या संध्याकाळी मी एकट्यानं जेवलो त्याचे. आणखी दोन हमालाच्या शेवटच्या जेवणाचे. तोवर त्याला उरलंसुरलं मिळत होतं, त्याचे पैसे त्या धरत नव्हत्या. काल तो पंगतीत, पाहुण्याच्या बरोबरीनं वाढून घेऊन जेवला होता, म्हणून पाहुण्याचा दर.

साहेब म्हणाले, "हे चार रुपये सामायिकातून जाणार नाहीत. पहिल्या संध्याकाळी तुम्ही आमच्यात जेवला नाहीत, आणि हमालाला पंगतीत बसवायचं आपलं ठरलेलं नव्हतं."

"ठरलेलं नव्हतं," चौघे म्हणाले.

मास्तर डोंगराकडं बघत होते. मी पिशवी उघडली. हमालाला चार दिवसांची मजुरी बत्तीस रुपये सामायिकातून दिली. आजींना बावन्न रुपये दिले: अठ्ठेचाळीस सामायिकातून, चार माझ्या खिशातून.